बारा सेंटिमीटर

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर त्यांनी लेकीकडे राहायचं ठरलं, तेव्हा न्हाणीघरात धरायला हँडल बसवण्याचं काम सरांनी हौसेनं अंगावर घेतलं. सर म्हणजे जावई. शाळेत गणित शिकवायचे. सासरे निवृत्त फिटर. कारखान्यात त्यांना 'केसभर' म्हणत, कारण केसभर फरकही ते खपवून घेत नसत. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सरांच्या एकाही कामाला त्यांनी 'बरं झालंय' म्हटलं नव्हतं. सरांना ते एकदा, अगदी एकदाच, ऐकायचं होतं.

काम तसं साधं. गवंड्यानं भिंतीत दोन बोल्ट गाडून दिले होते. हँडलच्या लोखंडी प्लेटला तेवढ्याच अंतरावर दोन होल पाडायचे, ती बोल्टांवर चढवायची आणि नट आवळायचे. सासऱ्यांनी आपली हत्यारांची पेटी आधीच पाठवली होती आणि फोनवर सूचनाही.

"आतल्या फूटपट्टीचं टोक झिजलंय, जावईबापू. शून्यापासून मोजू नका, एकापासून मोजा."

"हो बाबा."

"आणि पेन्सिलीनं खुणा नकोत. खडू फासा, सुईनं रेघ ओढा. पंच ठोकून खळगा पाडल्याशिवाय ड्रिल टेकवायचं नाही, नाहीतर ते भलतीकडेच पळतं."

सरांनी सगळं तंतोतंत पाळलं. बोल्टांमधलं अंतर एकापासून मोजलं, ते बारावर आलं. प्लेटवर खडू फासला, एकावर एक रेघ, बारावर दुसरी. पंचाचा ठोका, आधी बारीक बिट, मग मोठं, वरून तेलाचे दोन थेंब. हातड्रिल फिरवून खांदा भरून आला, पण होल कसे गोल गरगरीत! आता चढवून बघायचं, तोच बेल वाजली. सासरे तासभर आधीच दारात.

पाण्याचा पेलाही न घेता, काठी टेकत ते थेट न्हाणीघराशी आले.

"आणा बघू. अंतर किती हवंय?"

"बारा."

त्यांनी प्लेटवर फूटपट्टी ठेवली. "हा होल एकावर, तो बारावर. मधे किती?"

"बा..." सर अडखळले. "अकरा."

"एकापासून मोजलं, तर खूण तेरावर करायची असते. मुलांना वजाबाकी कोण शिकवतं हो तुमच्या शाळेत?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी स्टूल मागवलं, बाह्या सारल्या आणि बरोबर तेरावर रेघ ओढून तिसरा होल पाडला. काम मात्र देखणं, बघत राहावं असं.

प्लेट भिंतीला लावली. डावा बोल्ट आत गेला. उजवा काही जाईना.

"हा गवंडी कुठून शोधून आणलात?" सासरे कडाडले. "बोल्ट सेंटिमीटरभर अलीकडे बसवलाय! हातोडा द्या इकडे, वाकवतो त्याला."

"अहो बाबा, टाइल फुटेल ना!" लेक धावत आली. तिनं त्यांच्या हातून प्लेट काढून घेतली आणि सरांच्याच दोन होलांवर भिंतीला टेकवली. प्लेट अलगद आत सरकली. "बसली की!"

मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, मी भिंतीवरही एकापासूनच मोजलं होतं. आणि एक वजा करायचा तिथंही राहूनच गेला. म्हणजे अंतर मुळात अकराच."

सासऱ्यांनी आपल्या देखण्या तिसऱ्या होलावरून अंगठा फिरवला. नट आवळून झाल्यावर त्यांनी हँडल धरलं, सगळा भार टाकून स्टुलावरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. हँडल तसूभरही हललं नाही. सर श्वास रोखून उभे होते.

"जावईबापू," सासरे शेवटी म्हणाले, "माझ्या घरीपण असंच एक बसवायचंय. भिंत तुम्हीच मोजा, होलही तुम्हीच पाडा. फक्त मधे मला फूटपट्टी लावू देऊ नका."