बाळासोंच्या फुंकरीचा आकडा

आपणही एकदा फुंकून बघावं, असं त्या सकाळी बाळासोंच्या मनात आलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

राधानगरी रस्त्यावरच्या त्यांच्या गावात बाळासोंइतकी बिडी कुणी ओढत नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. (म्हशीनं कान पाडला की मात्र दहा मिनिटांत जनावरांचा डॉक्टर गोठ्यात!) गावची आशा सेविका वर्षाराणी हे ओळखून होती. असली माणसं दवाखान्यात येत नाहीत, पण दूध घालायला कधी चुकत नाहीत. म्हणून तिनं आपलं टेबल दूध संस्थेतच मांडलं, दुधाची फॅट मोजायच्या मशीनला अगदी खेटून. टेबलावर श्वास मोजायचं एक छोटं यंत्र. अशा बाईच्या हाती खरं तर अख्खा तालुका द्यायला हवा.

शेजारच्या गुंडूचा आकडा नऊ आला, सरपंचांचा चौदा. बाळासोंनी छाती भरून फुंकर मारली. अठ्ठावीस!

"मामा, सगळ्यात जास्त तुमचाच हाय. जरा थांबा, बोलायचं हाय," वर्षाराणी म्हणाली.

थांबतंय कोण! फॅटचा आकडा मोठा तेवढी माणसाची इज्जत मोठी, हेच जन्मभर शिकलेला हा गडी. वाटेत त्यांनी पेढे घेतले आणि गल्लीभर वाटत घरी आले.

"कशाचं पेढं वो?" त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी विचारलं.

"गावात पैला आलोय. अठ्ठावीस!"

"म्हशीची फॅट?"

"म्हशीची न्हाय, माझी!"

तेवढ्यात मागोमाग धापा टाकत वर्षाराणी आली. बाळासोंनी तिच्याही हातावर पेढा ठेवला.

"मामा, ह्यो बिडीच्या धुराचा आकडा हाय. इखारी वायू किती भिनलाय, ते दावतोय. सहाच्या आत पायजे."

शालूबाईंचा पेढा तोंडाशीच थांबला. "वैरणीचा भारा उचलताना धाप लागती, खोकून खोकून जीव जातोय, आनी पेढं वाटतायसा? मला एकटीला टाकून जायचं ठरवलंयसा काय?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. कुणालाच न भिणारे बाळासो त्या दिवशी पहिल्यांदा भ्याले.

वर्षाराणीनं उपदेशाचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "तलफ कवा येती, मामा?"

"धार काढताना. बिडी पेटवल्याबिगार हात चालत न्हाई."

मग तिनं बिडी सोडवणाऱ्या मोफत फोनसेवेत त्यांचं नाव घातलं. शहरातल्या राजारामपुरीतली स्नेहल नावाची मुलगी रोज दोन्ही वेळा बरोबर धारेला फोन करू लागली. बाळासो फोन स्पीकरवर लावून खुंटीला अडकवत. "काका, मोठा श्वास घ्या. सावकाश सोडा. घोटभर पाणी प्या. पाच मिनिटं कळ काढा, जाईल तलफ." सुरुवातीला बाळासो चिडले, शालूबाईंवर उगाच खेकसले, दोनदा बिडी हुडकायला उठलेसुद्धा. पण टिकले. तीन महिन्यांत आकडा चारवर आला. वैरणीचा भारा ते एका दमात आणू लागले. दूध संस्थेतल्या त्या टेबलापायी गावातल्या अकरा जणांची बिडी सुटली. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला जमलं नसतं ते या बाईनं करून दाखवलं.

"काका, तुम्ही जिंकलात! उद्यापासून माझा फोन बंद," स्नेहल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळासो ऐटीत धारेला बसले. म्हशीनं पान्हाच सोडला नाही. कास चोळली, पुढ्यात खायला आंबोण ठेवलं, रेडकू लावलं, पाठीवर हात फिरवला. एक थेंब नाही. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"ताई, घोटाळा झालाय."

"काका! पुन्हा तलफ आली?"

"मला न्हाई वो, म्हशीला! तुमचा आवाज ऐकल्याबिगार पान्हाच सोडंना."

पलीकडं हसण्याचा स्फोट झाला. मग स्नेहल म्हणाली, "धरा तिच्या कानाशी."

तेव्हापासून फोन पुन्हा रोज दोन्ही वेळा येतो. बाळासो हौसेनं उचलतात, आपली तब्येत सांगायला घसा खाकरतात. पलीकडून स्नेहल म्हणते, "ते राहू दे काका, आधी तिला द्या."