कोल्बीच्या हातून चेंडू का सुटतो

गुरुवारचे कपडे आपण धुवायचे असं वर्लिन हॅस्केटने ठरवलं, तेव्हा बायकोला मदत करण्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. (थोडं कौतुक करून घ्यायचं होतं. पण ते कोणत्या नवऱ्याच्या मनात नसतं?) लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याचं हे दुसरं आणि डोरिंडाचंही दुसरं. येताना तिने कपाटभर भांडी आणि ग्रेडी नावाचा मुलगा आणला. वर्लिनकडे आधीपासून कपडे धुण्याचं मशीन आणि कोल्बी नावाचा मुलगा होता. दोन्ही पोरं एकाच वयाची, एकाच शाळेतली, आणि सगळा घोळ इथेच होता, एकाच फुटबॉल टीममधली.

ओहायोतल्या त्या गावात शुक्रवारी संध्याकाळी शाळेची मॅच असली की पिझ्झावालासुद्धा दुकान बंद करून मैदानावर जातो. तिकडचा फुटबॉल हाताने खेळतात, आणि कोल्बी टीमचा क्वार्टरबॅक. म्हणजे प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येणार, आणि कुणाकडे फेकायचा की घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. ग्रेडी त्याच्या पुढे, डाव्या अंगाला उभा. समोरचे धटिंगण कोल्बीवर येऊन आदळू नयेत, एवढंच त्याचं काम. ते त्याला शोभायचंही. ग्रेडीने फ्रीज उघडला की स्वयंपाकघरातला उजेड कमी व्हायचा.

तर त्या गुरुवारी कपड्यांच्या ढिगात वर्लिनला कोल्बीचा छोटा पांढरा टॉवेल सापडला. मॅचमध्ये तो कमरेला खोचलेला असायचा आणि प्रत्येक डावाआधी कोल्बी त्याला हात पुसायचा. टॉवेल हाताला इतका खरखरीत लागला की वर्लिनचं पितृहृदय कळवळलं. फळीवर कपडे मऊ करणाऱ्या, लॅव्हेंडरच्या फुलांच्या वासाच्या सॉफ्टनरची जांभळी बाटली होती. तिच्यावर 'एक झाकण पुरे' असं छापलं होतं. कंपन्या ग्राहकाच्या बाबतीत नेहमीच हात आखडता घेतात, असं वर्लिनचं मत होतं. त्याने चार झाकणं घातली.

दुसऱ्या दिवशी मॅचमध्ये चेंडू कोल्बीच्या हातून दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्याने फेकला तो हातातूनच असा तिरका गेला की थेट समोरच्या टीममधल्या एका पोराच्या पोटात जाऊन बसला. तिन्ही वेळा चेंडू पाहुण्यांना मिळाला आणि मॅचही त्यांनाच मिळाली.

"मी ग्रेडीला काही म्हणत नाहीये," शनिवारी जेवताना खिम्याचा मीटलोफ कापत वर्लिनने सुरुवात केली.

"मग नको म्हणूस," डोरिंडा म्हणाली.

"फक्त एवढंच, की डावीकडून तो दाढीवाला पोरगा आला ना, तो अगदी स्वतःच्या घरी आल्यासारखा आला. दाराची कडीसुद्धा वाजवली नाही."

"बरं. आणि तो आला तेव्हा चेंडू कुणाच्या हातात होता?"

"कोल्बीच्या. पण—"

"पण काय? ज्याच्या हातात, त्याची जबाबदारी. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, वर्लिन. माझ्या हातातून अवजार पडलं तर मी खुर्चीला दोष देत नाही."

"तुझ्या अंगावर शंभर किलोचा पेशंट धावून येतो का?"

"एकदा आला होता. अवजार पडलं नाही."

यावर वर्लिनने मीठदाणी पुढे घेतली. ही मीठदाणी म्हणजे कोल्बी, ही केचपची बाटली म्हणजे ग्रेडी, आणि हे मटार म्हणजे समोरचे. केचप जागेवर उभी राहिली नाही म्हणून मटार मीठदाणीपर्यंत पोहोचले, हे त्याने तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवलं. डोरिंडाने बाटली उचलून दोन इंच पुढे ठेवली. "ग्रेडी इथे होता." वर्लिनने ती परत मागे घेतली. तिने पुन्हा पुढे ठेवली.

"मला जरा केचप मिळेल का?" ग्रेडीने विचारलं. कुणी दिलं नाही.

 कोल्बी मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. सहा वर्षांचा असल्यापासून त्या पोराला दुसरं काही व्हायचं नव्हतं, आणि आता तोच हात त्याचं ऐकेनासा झाला होता. वर्लिनला ते बघवेना. म्हणून तो आणखी जोरात ग्रेडीवर घसरला.

घरी पुरेसे श्रोते नव्हते, त्यामुळे वर्लिन लोनीच्या सलूनमध्ये जाऊन बोलू लागला. गळ्याभोवती चादर बांधलेल्या अवस्थेत तो फुटबॉलवर फार अधिकाराने बोलत असे. तरुणपणी तो स्वतः शाळेच्या टीममध्ये होता. (राखीव खेळाडूंच्या बाकाचा एक कोपरा अजून गुळगुळीत आहे, तो त्याचाच.) सलूनमध्ये प्रत्येकाची आपापली उपपत्ती होती. कुणी म्हणे कोच प्रुइटची आखणीच चुकते. कुणी म्हणे पोरगा प्रेमात पडलाय. लोनीला कोल्बीच्या नव्या बुटांचा संशय होता. वर्लिन सगळ्यांना खोडून काढायचा. "दोष मुळाशी असतो," तो मान न हलवता सांगायचा, "आणि मुळाशी कुणी बघतच नाही."

पुढच्या गुरुवारी त्याला वाटलं, पोराच्या मनावर ताण आहे, निदान टॉवेल तरी मायेचा असावा. त्याने अर्धी बाटली ओतली. त्या शुक्रवारी चेंडू चार वेळा गेला.

आता घरात खरोखरच धोक्याची चिन्हं दिसू लागली. वर्लिन आणि डोरिंडा एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलू लागले. "मीठ देतोस का, प्लीज?" "देतो ना. थँक यू." (ज्यांचं लग्न झालंय त्यांना याचा अर्थ सांगायला नको.) आजवर दोघं पोरं एकाच जुन्या ट्रकमधून शाळेत जायची. आता ट्रक कोल्बी न्यायचा आणि ग्रेडी पायी जायचा. पाऊस असला की ग्रेडी ट्रक न्यायचा आणि कोल्बी पायी जायचा, कारण आपणही त्याग करतो असं दोघांनाही दाखवायचं असे.

त्यात कोचने कोल्बीला बोलावून स्पष्ट सांगितलं, "या शुक्रवारी आणखी एकदा जरी चेंडू समोरच्यांना दिलास, तर बाकावर बसायचं. सीझन संपेपर्यंत. मला वाईट वाटतंय, बाळा, पण माझा नाइलाज आहे."

कोल्बीने घरी येऊन ते सांगितलं.  त्या बाकावर बसणं काय असतं, हे त्या घरात फक्त वर्लिनलाच ठाऊक होतं.

"मी काय करू तुझ्यासाठी? सांग फक्त."

"काही नको, बाबा."

'काही न करणं' ही गोष्ट वर्लिनला आयुष्यात कधी जमली नव्हती. गुरुवारी दुपारी त्याने दोन नव्या बाटल्या आणल्या, बादलीत पूर्ण उपड्या केल्या आणि टॉवेल तिच्यात भिजत घातला. एवढं महागाचं पाणी फुकट कशाला घालवायचं, म्हणून स्वयंपाकघरातले भांडी पुसायचे टॉवेलही त्याच बादलीत टाकले. मग सगळं मशीनमधून काढून वाळवलं. घरभर लॅव्हेंडरचा वास सुटला. वर्लिनला स्वतःचा अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी जेवणानंतर डोरिंडाने दोन्ही पोरांना सिंकपाशी उभं केलं. कोल्बीने भांडी घासायची, ग्रेडीने पुसायची. एकत्र काम केलं की बोलतील, असा तिचा हिशोब. कोल्बीने निळी बशी धुऊन ग्रेडीच्या हातात दिली. ही डोरिंडाच्या आईची बशी. प्रत्येक सणाला बटाट्याचं सॅलड हिच्यातूनच यायचं. ग्रेडीने ती टॉवेलमध्ये धरली, पुसली, आणि पुढच्याच क्षणी ती जमिनीवर होती. तिचे किती तुकडे झाले ते कुणी मोजलं नाही.

 वर्लिन खुर्चीत सरसावून बसला.

"डोरिंडा," तो मधाळ आवाजात म्हणाला, "बशी कुणाच्या हातात होती गं?"

(गप्प बसायचे म्हणून काही क्षण असतात, हे त्याला कधी कुणी शिकवलं नव्हतं.)

"माझ्या," ग्रेडी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सॉरी, आई. पण हा टॉवेल बुळबुळीत आहे."

"वा! आता टॉवेलचा दोष!" वर्लिनने टेबलावर थाप मारली. "खुर्चीला दोष देत नाही म्हणून मागे कुणीतरी सांगत होतं!"

डोरिंडाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने ग्रेडीच्या हातातून टॉवेल घेतला, बोटांत चोळला, नाकाला लावला. तेवढ्यात साबणाच्या हातांनी कोल्बी मागे वळला.

"माझाही तसाच आहे," तो हळूच म्हणाला. "मॅचमध्ये हात पुसला की आणखीच घसरतो. मला वाटलं, मी घाबरतोय म्हणून घाम येतोय."

डोरिंडा आत जाऊन उद्याच्या मॅचसाठी घडी करून ठेवलेला पांढरा टॉवेल घेऊन आली. तो टेबलावर पसरला आणि त्यावर चमचाभर पाणी ओतलं. अळवाच्या पानावर राहावं तसं पाणी त्याच्यावर थरथरत राहिलं. मग डुलत डुलत कडेला गेलं आणि वर्लिनच्या मोज्यावर पडलं.

"वर्लिन, तू कपड्यांत काय घालतोस?"

"साबण."

"आणि?"

"थोडं सॉफ्टनर."

"थोडं म्हणजे किती?"

वर्लिन छताकडे बघू लागला. ग्रेडी मशीनपाशी गेला आणि जांभळ्या बाटल्या हातात घेऊन आला. "या तिन्ही?"

"दोन," वर्लिन म्हणाला. "तिसरीत अजून थोडं आहे. आता मी मोठी आणत जाईन असं..." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

कोल्बीला हसू फुटलं. कित्येक दिवसांत तो हसला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला ते रडणं वाटलं. "अरे ग्रेडी, तू कशाला उगाच बोलणी खाल्लीस रे!"

"मी आपला डावीकडून कोण येतं ते बघत बसलो," ग्रेडी म्हणाला, "आणि हा माणूस मशीनच्या खोलीतून आला!"

"बाटलीवर लिहिलंय," वर्लिनने शेवटचा प्रयत्न करून पाहिला, "लॅव्हेंडरने मन शांत होतं."

"झालं का तुझं?" डोरिंडाने विचारलं. मग केरसुणी त्याच्या हातात देत म्हणाली, "आधी बशीचे तुकडे भर. उद्या सकाळी कोचला जाऊन सांगायचं. फोनवर नाही, तोंडावर."

सकाळी कोच प्रुइट सापडला तो नेमका लोनीच्या सलूनमध्ये, गालांना फेस लावून बसलेला. बाकावर तीच मंडळी होती, ज्यांना वर्लिन आजवर मूळ समजावून सांगत आला होता. टोपी हातात घेऊन त्याने सगळं सांगितलं. लोनीचा वस्तरा हवेतच थांबला.

"वर्लिन," कोच फार शांतपणे म्हणाला, "त्या पोराचा हात कसा फिरतो याच्या फिल्मा बघून बघून माझे डोळे गेले. माझी बायको माझ्याशी बोलेनाशी झाली."

"माझीही," वर्लिन म्हणाला.

"मी त्याची फेकण्याची पद्धत बदलायला निघालो होतो. आणि तू..."

"लॅव्हेंडर."

कोचने डोळे मिटून मान मागे टाकली. "कोल्बी खेळेल. पण अट तीच. चेंडू गेला की तो बाहेर. आणि तू त्या मशीनपासून लांब राहा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी न कळलेला माणूस गावात उरला नव्हता. कोल्बीच्या कमरेला दुकानातून आणलेला नवा, खरखरीत टॉवेल होता. त्याने फेकलेला प्रत्येक चेंडू जिथे जायचा तिथे जात होता. मग मॅच अगदी रंगात आलेली असताना समोरच्यांनी त्याला मागून धडक दिली आणि चेंडू हातून सुटला.

स्टँडमधल्या एकाही माणसाने चेंडूकडे बघितलं नाही. सगळे वळून वर्लिनकडे बघू लागले. तो दोन्ही हात वर करून उभा राहिला. "मी हात लावलेला नाही! नवीन आहे! देवाशपथ, नवीन आहे!"

मैदानावर ग्रेडीने अंग झोकून दिलं. तो चेंडूवर असा पडला की चेंडू खाली आहे की नाही हेच पंचांना कळेना. त्याला बाजूला करायला दोन माणसं लागली. खाली, त्याच्या पोटाशी, चेंडू होता. जो धरेल त्याचा चेंडू, म्हणून तो घरातच राहिला होता, कोल्बी मैदानावर राहिला होता. डोरिंडाने वर्लिनचा दंड घट्ट पकडला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्लिन तर उघड उघड रडत होता.

"कुणाच्या हातातून पडला ते जाऊ दे," तो नाक ओढत म्हणाला, "कुणी धरला ते बघ!"

"बघतेय ना," ती म्हणाली. "माझाच आहे तो." मग म्हणाली, "दोघंही माझेच आहेत."

मॅच जिंकली. पोरं एकाच ट्रकमधून घरी आली आणि फ्रीजमधलं सगळं खाऊन झोपली.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. कोच प्रुइट मोठं गाठोडं घेऊन उभा होता. आत पांढरे टॉवेल गच्च भरले होते. वर्लिनचा ऊर भरून आला. आपल्याला माफी मिळाली, वर जबाबदारीही मिळाली.

"कोच, विश्वास ठेवा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "एक थेंबसुद्धा घालणार नाही."

कोचने रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"हे आपले नाहीत, वर्लिन. शुक्रवारी बाहेरची टीम येतेय, त्यांना टॉवेल आपण द्यायचे असतात. तू हे नेहमीसारखेच धू."

वर्लिनने गाठोडं पोटाशी धरलं. शाळेच्या टीमने त्याला प्रत्यक्ष खेळात घेतलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. आणि तेही समोरच्यांच्या टॉवेलांमधून.