माझ्या नेटवरचा उमदा चोर

"हॅकिंग शिकायला मला फार तर एक आठवडा पुरेल," असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची एकही घडी चुकली नाही.

"कशाला शिकायचंय?"

"चोर पकडायला! अगं, हे एथिकल हॅकिंग. म्हणजे सज्जनांचं. आधी मालकाची परवानगी घ्यायची, मग त्याच्याच घराच्या कड्या हलवून बघायच्या आणि कुठली सैल आहे ते त्याला सांगायचं."

"बाथरूमची सैल आहे. महिनाभर सांगतेय."

अशा घरात प्रतिभेचं काय होणार! पण मी खरेदी खात्यातला माणूस. समोरच्यावर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. या विद्येसाठी माझ्याइतका लायक माणूस दुसरा नसेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"शीक हवं ते," बायको म्हणाली, "पण उद्या दुपारी नेटला हात लावायचा नाही. माझी मुलाखत आहे."

मुलाखत साधी नव्हती. इतकी वर्षं तिने हॉस्पिटलच्या तक्रार खिडकीमागे बसून जगाचा संताप ऐकला होता. आता एका विमा कंपनीत तक्रार विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली होती आणि ती तिला मनापासून हवी होती. मुलाखत घरूनच, व्हिडिओवर होणार होती. मी गळ्याची शपथ घेतली.

संध्याकाळी पहिला धडा झाला. त्यात सरावासाठी आपल्या संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक बसवायचा होता. खरा नाही, नुसता आभासी. आत काहीही उद्योग केले तरी बाहेरचा संगणक सुखरूप! मी तो बसवला आणि हात जोडले. माणसाचं डोकं कुठवर पोचलंय!

दुसरा धडा सकाळी. घरातल्या नेटच्या डब्याला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडायची. उघडली, आणि अंगावर काटा आला! टीव्ही बंद होता, तरी कुणाशी तरी बोलत होता. बायकोचा फोन उशाशी पडल्या पडल्या गप्पा मारत होता. आपण ज्याला शांत घर म्हणतो तिथे हवेतून केवढी ये-जा चालू असते! मी कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून बघत बसलो.

आणि तेवढ्यात तो दिसला. यादीत सगळ्यात खाली, बिननावाचा. टीव्ही नाही, फोन नाही, लॅपटॉप नाही. घरात चोर!

मी ताबडतोब त्याला नेटवरून हाकललं. त्याच क्षणी माझा सरावाचा संगणक ठप्प! उलटा वार! आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी घाबरून बंदी उठवली. लगेच माझा सराव सुरळीत सुरू झाला. म्हणजे शत्रूने तह पाळला होता! माणूस उमदा होता, हे मला कबूल करावंच लागलं.

मग मी त्याच्यावर पाळत ठेवली. मी आभासी संगणकातून घरातली दारं चाचपायला लागलो की तोही चाचपायचा. मी थांबलो की तोही थांबायचा. काय ती तालीम! काय तो संयम!

संशय अर्थातच समोरच्या काकांवर. लॅपटॉप मिटून मी त्यांची बेल वाजवली.

"काका, तुम्ही माझं नेट वापरता का?"

"तुझं? अरे, आमचं तुझ्याहून वेगवान आहे. तुला हवं असेल तर घे!"

घरी येऊन फोनवर यादी बघतो तर मी बाहेर होतो तेवढा वेळ चोर गायब. लॅपटॉप उघडला, सरावाचा संगणक सुरू केला आणि हजर! मी घरात कधी असतो हेसुद्धा त्याला कळत होतं! आता मात्र मी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.

दुपार झाली. आतल्या खोलीत बायकोची मुलाखत सुरू झाली. मी स्वयंपाकघरात. शपथ आठवत होती हो! पण चोर नेटवर बसून तिचा शब्द न् शब्द ऐकत असेल तर? मी सगळा जोर लावून एकदम घरभर शोध सोडला. त्याबरोबर चोरानेही सगळा जोर लावला! आतून बायकोचा आवाज आला, "हॅलो? माझा आवाज तुटतोय का?"

मी लॅपटॉप छातीशी धरून आत घुसलो.

"बोलू नकोस! चोर ऐकतोय!"

पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन साहेब. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी आत गेलो तेव्हा अंगात नुसता बनियन होता, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. बायकोची नोकरी गेली, ती मीच घालवली, असं वाटून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बायकोने मान वळवली. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. खिडकीमागचा तो शांत चेहरा.

"बसा साहेब," ती मला म्हणाली. जन्मात मला 'अरे'शिवाय हाक न मारणारी बाई! "आपल्याला फार त्रास झालेला दिसतोय. हा चोर पहिल्यांदा कधी दिसला?"

"आ... आज सकाळी."

"त्याच्या आधी आपण घरात नवीन काही बसवलंत?"

"काल संध्याकाळी. संगणकाच्या पोटातला संगणक."

"तो बंद करता का जरा? हं. आता चोर आहे?"

"गेला!"

"पुन्हा चालू करा."

"आला!"

खोलीत आणि पडद्यावर सगळ्यांना कळून चुकलं आणि अगदी शेवटी मलाही. सकाळपासून मी ज्याच्या नावाने थरथरत होतो, ज्याला मनातल्या मनात मुजरे केले, तो माझाच आभासी संगणक. म्हणजे मीच!

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," बायको म्हणाली. "दार ओढून घ्या."

दाराबाहेर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून त्या बाईंचा आवाज आला.

"कोण होते हे?"

"नेट दुरुस्त करायला आलेत," बायको म्हणाली.

"तुमच्या शांतपणाची कमाल आहे! पण एक सुचवू? हा माणूस बदला."

त्याच आठवड्यात निवड झाल्याचा फोन आला. मी तिला कडकडून मिठी मारली. इतकी बेमालूम थाप मारणारी बाई आपल्या घरात आहे, याचा अभिमान वाटावा की भीती, ते अजून ठरलेलं नाही. शनिवारी नव्या ऑफिसात सहकुटुंब चहापान आहे. त्या बाई म्हणे प्रत्येकाला जातीने भेटतात आणि एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाहीत.

"मग मी कोण म्हणून येऊ गं?" मी विचारलं.

"नवरा म्हणूनच ये की," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "कुणी विचारलंच, तर सांग, नेट दुरुस्त करायला यायचो, तिथेच ओळख झाली."