केसोबाने नोकरीला ठेवलेला सरडा

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. करवंदं होती, ओढा होता, सिंह होता आणि सिंहाची भीतीही होती. फक्त कुणाचं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

त्या जंगलात केसोबा नावाचं अस्वल मधाचं दुकान चालवायचं. दुकान वडिलांनी घातलेलं, मध अस्सल. पण केसोबाला एक वाईट खोड होती. गिऱ्हाईक काय म्हणतं ते तो मन लावून ऐकायचा आणि मग खरं तेच सांगायचा.

"केसोबा, दाढ फार ठणकते रे," तरस म्हणायचं.

"मग मध कशाला नेतोस बाबा? लवंग धर दाढेत."

तरस लवंग शोधायला जायचं. मध मडक्यातच राहायचा.

अशा खरेपणाने कुणाचं भलं झालंय? दुकान बसलं. सिंहमहाराजांचा निरोप आला, "होळीपर्यंत दुकान चाललं नाही, तर ही जागा माकडाच्या चण्याफुटाण्यांना देऊ." मध विकण्यावाचून केसोबाला दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

तेवढ्यात ओढ्याकाठी टिटवीबाईंचं शिबिर लागलं. विषय होता 'ऐका आणि विका'. आभाळ आपल्याच पायांवर तोललंय असं टिटवीला वाटतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बाई सकाळी बोलायला लागल्या त्या दिवेलागणीला पाणी प्यायला थांबल्या.

"बाई, मी तर सगळ्यांचं ऐकतोच," केसोबाने मध्येच सांगून पाहिलं.

"मध्ये बोलू नका. ऐकताय खरे, पण ते दिसतं कुठे? उद्योजकासारखा विचार करा, अस्वलराव. ऐकायला माणूस नेमा."

जंगलात माणूस कुठून आणायचा? केसोबाने सरडा नेमला.

आता सरड्याला जन्मजात मान डोलवायची सवय. समोर कुणी असो, नसो, डोलवतो. का, ते त्यालाही माहीत नाही. शिवाय समोरचा तापला की हाही लाल, समोरचा निवला की हाही मातकट. केसोबाने त्याला गल्ल्यावर बसवलं.

तरस आलं. दाढेपासून सासूपर्यंत सगळं सांगून बसलं. सरड्याने मान डोलावली. तरसाचे डोळे भरून आले.

"माझं एवढं आजवर कुणी ऐकलं नव्हतं," ते म्हणालं आणि दोन मडकी मध घेऊन गेलं.

मग काय, रांगच लागली. मागणी पुरी करायला केसोबा मधमाश्यांची पोळी खरवडू लागला. वडील अर्धं पोळं माश्यांसाठी ठेवायचे, ते आठवलं की त्याला चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. पण होळी जवळ आली होती. घाईत काढलेला कच्चा मध आंबला. मुंगूस तावातावाने तक्रार घेऊन आलं, लालबुंद. सरडाही लालबुंद झाला आणि मान डोलवत राहिला. मुंगसाचा राग गेला. जाताना ते त्याच आंबट मधाचं आणखी एक मडकं घेऊन गेलं.

एक दिवस राणीमाशी आली. केसोबा तेव्हा रानात पोळी शोधत हिंडत होता.

"सरडोजी, शेवटचा थेंबसुद्धा तुम्ही नेता. आमच्या लेकरांनी खायचं काय? हे असंच चालायचं असेल तर आम्ही जंगल सोडतो. सोडू का?"

सरड्याने मान डोलावली.

माश्या गेल्या. केसोबा परतला तर पोळी ओस.

"अरे, तिचं ऐकलंस तरी का तू?"

सरड्याने मान डोलावली.

केसोबाने काठी उचलली तसा सरडा कुंपणाकडे पळाला. त्याची धाव तेवढीच. पण कुणाला काठी मारून मध परत येतो का? केसोबा रिकाम्या मडक्यांमध्ये डोकं धरून बसला. उद्या होळी होती.

सकाळी पुन्हा रांग. पुढे तरस.

"मध संपला," केसोबा म्हणाला.

"संपू दे. मी बोलायला आलोय. सरडोजी कुठायत?"

सरडोजी नाहीत म्हटल्यावर तरसाला राहवेना. त्याने जवळच्या मडक्यात तोंड घातलं.

"दाढ दुखते," तरस म्हणालं.

"दुखते," मडकं म्हणालं.

"याला कळतं," तरस हरखून म्हणालं आणि मडकं काखोटीला मारून घेऊन गेलं.

दुपारपर्यंत मडकी संपली. सिंहमहाराजांनी स्वतः दोन नेली. टिटवीबाईंनी केसोबाला नारळ दिला आणि तासभर त्याचं कौतुक केलं. त्याला बोलायचं होतं, पण बाईंच्या बोलण्यात फट सापडेना. दुकान मात्र वाचलं.

सगळे पांगल्यावर केसोबाला कोपऱ्यात एक तडकलेलं मडकं दिसलं. वडिलांच्या वेळचं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आत तोंड घातलं.

"मला मध विकायचा होता," केसोबा म्हणाला.

"होता," मडकं म्हणालं.

तात्पर्य: धंद्यात कान झाकावेत, मान सैल सोडावी आणि मध लवकर संपवावा. भरलेलं मडकं घुमत नाही.