दहावा नंबर

ग्लेनिस टॉंक्सने पुढच्या खोलीत नवा गालिचा घालायचं ठरवलं आणि त्यात तिचा नवरा मेला. (नंतर तो जिवंत निघाला. पण तोवर फार उशीर झाला होता, असं विलनहॉलमध्ये अजूनही काही जण म्हणतात.)

गालिच्यासाठी खोली रिकामी व्हायला हवी होती आणि खोलीत नेव्हिलचा ॲम्प्लिफायर होता, चांगला कपाटाएवढा. गेली दहा वर्षं त्याची वायर भिंतीला लागली नव्हती. ग्लेनिसने त्यावर कापड टाकून फुलदाणी ठेवली होती आणि पाहुण्यांना वाटायचं, ही टेबलाचीच काहीतरी नवीन तऱ्हा. तर तिने एक कार्ड लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेला लावून आली. 'विकणे आहे. गिटारचा ॲम्प्लिफायर, मोठा. नवऱ्याला आता लागत नाही. उचलायला दोन माणसं आणावीत. जी. टॉंक्स.'

नवऱ्याला विचारायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, तिने मुद्दामच विचारलं नाही, कारण नवरा रुसून बसला होता. पडदे ओढून, पायात सपाता घालून तो आरामखुर्चीत बसायचा. कुलपांच्या कारखान्यातली माल रवानगीची कारकुनी बत्तीस वर्षं करून मागच्या वर्षी त्याला घरी बसवलं होतं. आता तो कायमचाच घरी होता आणि ग्लेनिसच्या मते तेवढं त्याचं दुःख तिच्या वाट्याला पुरेसं होतं.

रुसवा फळ्यावरून होता.

'पडलर्स आर्म्स' या पबात, डार्ट्सच्या शेजारी, एक काळा फळा आहे. त्यावर जगातल्या वीस सर्वश्रेष्ठ रॉक गिटारवादकांची नावं, क्रमाने. दर शुक्रवारी त्यावर वाद आणि मतदान. जिमी हेंड्रिक्स पहिला, याबद्दल कुणी बोलत नसे. दोन नंबरासाठी पेज आणि बेक यांची अठरा वर्षं मारामारी चालली होती आणि त्यापायी दोन सख्खे भाऊ वेगळ्या टेबलांवर बसायचे. विसावी जागा मात्र गावातल्या माणसासाठी राखीव होती आणि त्या जागेवर अकरा वर्षं नेव्हिल टॉंक्स होता.

तुम्ही हसाल. पण नेव्हिलला आयुष्यात दुसरं काही मिळालेलं नव्हतं. कारखान्याने निरोपाला त्याला कुलूपच दिलं होतं. वर हेंड्रिक्स आणि खाली आपण, मध्ये फक्त अठरा माणसं, आणि फळा एकच! या एका गोष्टीवर तो माणूस सोमवार ते गुरुवार जगायचा. फळ्याचा सेक्रेटरीही तोच होता, कारण अक्षर त्याचं वळणदार. नियमही त्यानेच केले होते आणि कोपऱ्यात रंगाने लिहून ठेवले होते.

एका शुक्रवारी बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीला तिसरा नंबर द्यावा, असं रेग फेरेडेने सुचवलं. रेग म्हणजे नेव्हिलच्या जुन्या बँडचा ड्रमवाला, तीस वर्षांचा दोस्त.

"भावनेच्या भरात नंबर द्यायचे नाहीत," नेव्हिल म्हणाला.

"भावना कसली आलीय त्यात? कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं उडाली, तरी तो तसा वाजवतो. तुझी दहाच्या दहा शाबूत आहेत, आणि तू असा वाजवतोस!"

पब हसला. तेवढं चाललं असतं. पण मग म्हातारा होरेस म्हणाला, "विषय निघालाच आहे तर विसाव्या जागेचंही एकदा बघून टाकू या का?" आणि पाच मिनिटांत त्या जागेवर बिल्स्टनचा एक दातांचा डॉक्टर निवडून आला. त्याने कुणाच्या तरी लग्नात बरं वाजवलं होतं म्हणे! सेक्रेटरी म्हणून डॉक्टरचं नाव नेव्हिललाच लिहावं लागलं. ते त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, खडू ठेवला आणि दारातून ओरडला, "यापुढे इथे दिसलोच, तर माझा मुडदा दिसेल!"

मग तो घरी येऊन फोनची वाट पाहत बसला. रेगचा फोन येईल, तो माफी मागेल, आपण थोडे आढेवेढे घेऊ. रेगचा फोन आला नाही.

तो येणारही नव्हता. कारण मधल्या काळात पडलर्सच्या दोघांनी काचेवरचं कार्ड वाचलं होतं. 'नवऱ्याला आता लागत नाही.' त्यांनी पबात जाऊन सांगितलं, नेव्हिल गेला. त्यातच ग्लेनिस आपल्या म्हाताऱ्या मावशीला दफनभूमीत पोचवून काळ्या कोटात बसने परत येत होती आणि शेजारी येऊन बसली ती पडलर्सची मालकीण आयव्ही.

"ऐकलं गं, ग्लेनिस. फार वाईट झालं."

"सुटका झाली म्हणायची. शेवटी शेवटी फार हाल होते. उठणं नाही, बसणं नाही."

"तुला एकटीलाच करावं लागलं ना सगळं?"

"मग दुसरं कोण होतं?"

झालं. आता कुणीतरी घरी जाऊन दार वाजवलं असतं, तर दार मयतानेच उघडलं असतं. पण आमच्या विलनहॉलमध्ये विधवेच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. काय बोलायचं? हात कुठे ठेवायचे? ती रडली तर? त्यापेक्षा त्यांनी त्यांना जमणारी एकच गोष्ट केली. त्यांनी नेव्हिलला नंबर दिला.

इकडे एक दिवस गॅसचं मीटर बघायला परगावचा माणूस आला. नाव लिहिताना म्हणाला, "टॉंक्स? दुपारी जेवलो त्या पबात फळ्यावर एक टॉंक्स होता की! गिटारवाला. दहावा."

"विसावा," नेव्हिल सवयीने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "कितवा?"

"दहावा. चांगला ठळक लिहिलाय."

नेव्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा आठवडे ती माणसं आपल्यावाचून तळमळली, शेवटी त्यांचे डोळे उघडले आणि लाजेपोटी फोन न करता त्यांनी आपल्याला थेट दहावा केलं! त्याने दाढी केली. बँडच्या वेळचं चामडी जाकीट काढलं. (त्याची चेन आता पोटाच्या अलीकडेच थांबायची.) ग्लेनिसने विचारलं, "कुठे?"

"माझी वाट बघताहेत," तो म्हणाला.

तो शुक्रवार होता. नेव्हिलने पडलर्सचं दार ढकललं, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "झालं गेलं विसरून जाऊ, मित्रांनो!"

आयव्हीच्या हातून लोणच्यातल्या अंड्यांची बरणी पडली. होरेसने टोपी काढली आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा घातली. बारवर नेव्हिलचा फोटो होता, त्याला काळी फीत. फोटोसमोर त्याचा मग, त्यात ताजी बिअर.

"नेव्हिल," रेग पांढराफटक पडून म्हणाला, "तू मेलायस."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने!" आयव्ही ओरडली.

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. त्यानंतर कुणीतरी त्याला मिठी मारेल म्हणून नेव्हिल जाकीट सारखं करून उभा राहिला. पण सगळे फळ्याकडे बघत होते.

"मग आता दहाव्याचं काय?" होरेस म्हणाला.

"काय म्हणजे? आहे ते आहे," नेव्हिल म्हणाला.

रेगने कोपऱ्यातल्या रंगीत ओळीवर बोट ठेवलं. नियम चौथा: जो मरेल तो दहा जागा वर जाईल, कारण त्याला आता भांडता येत नाही. "तुझंच अक्षर आहे, गड्या. आम्ही तुला आधी विसावर परत घेतला आणि मग दहा वर नेला. नियमाने. पण तुला तर भांडता येतंय."

"नाव लिहिताना काही बोललातही असाल ना?" नेव्हिलने विचारलं.

"रेग बोलला," आयव्ही नाक पुसत म्हणाली. "म्हणाला, नेव्हिलसारखा हात मी परत ऐकला नाही. सगळे रडलो."

नेव्हिल रेगकडे वळला. तीस वर्षं तो या एका वाक्यासाठी त्या ढोलांच्या पुढे उभा राहिला होता. "रेग," तो म्हणाला, "परत म्हण की एकदा."

रेगने बूट न्याहाळले. "तेव्हा तू मेला होतास रे."

मतदान झालं. ठेवावा म्हणणारे तीन, काढावा म्हणणारे तीन. (काढणाऱ्यांत रेग होता. फोटोवरची फीत सोडवता सोडवता त्याने हात वर केला.) बरोबरी झाली तर निर्णय सेक्रेटरीचा, हा नियम दुसरा. सगळे नेव्हिलकडे बघू लागले.

त्याने फळा पाहिला. रेगने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, नेव्हिल टॉंक्स. अठरा वर्षं त्याने या पबात नियमासाठी भांडणं केली होती, माणसं तोडली होती. आता स्वतःसाठी नियम मोडला, तर त्या अकरा वर्षांच्या विसाव्या नंबरालाही काही अर्थ उरत नव्हता. शिवाय मनात एक वेडी आशा होतीच, की आपण हात वर केला की हे सगळे विरघळतील आणि म्हणतील, राहू दे रे!

नेव्हिलने काढण्याच्या बाजूने हात वर केला. कुणीही विरघळलं नाही. रेगने त्याच्या हातात फडकं दिलं.

नाव पुसून तो म्हणाला, "मग विसावा तरी..."

"तिथे डॉक्टर आहे. त्याने काय घोडं मारलंय तुझं?" होरेस म्हणाला.

दारापर्यंत रेग पोचवायला आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मन खट्टू करू नकोस. तुझा दहावा कुठे जात नाही. तू जाशील त्या दिवशी मी स्वतः लिहीन. शब्द देतो."

नेव्हिल घरी आला. ग्लेनिस पुढच्या खोलीत गुडघ्यांवर बसून टेपने जमीन मोजत होती. ॲम्प्लिफायर नव्हता. तासाभरापूर्वीच बिल्स्टनहून कुणी दातांचा डॉक्टर येऊन घेऊन गेला होता, मोठा सभ्य माणूस, म्हणे! नेव्हिल त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. मग कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून त्याने तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी जराशी मान ताठ करून म्हणाला, "पण दहावा नंबर माझ्या नावाने राखून ठेवलाय. मी मेलो की लगेच."

ग्लेनिसने टेप गुंडाळली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"गुरुवारी गालिचावाला येतोय," ती म्हणाली. "त्याच्या आधी नको."