वॉशिंग मशीन आणि अनोळखी बाई

मी विमा कंपनीत कारकून आहे. विमा म्हटलं की लोकांना आग नाहीतर अपघात आठवतो; माझ्या टेबलावर मात्र बक्षिसांचा विमा असतो. म्हणजे असं, की एखादा दुकानदार जाहीर करतो, 'लांबून चेंडू मशीनच्या ड्रममध्ये टाका आणि मशीन घरी न्या.' कुणाचा नेम लागलाच, तर मशीनचे पैसे आमची कंपनी भरते. म्हणून, तो लागू नये अशी मनोमन प्रार्थना करणारा एक साक्षीदार कंपनी तिथे उभा करते. (तो मी.)

त्या रविवारी मी चष्मा घरीच विसरलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पण म्हटलं, नुसतं उभंच तर राहायचंय, त्याला डोळे कशाला?

दुपारपर्यंत सगळे चेंडू भिंतीवर आपटले, एक दुकानदाराच्या कपाळावर. गर्दी पांगायला लागली तेवढ्यात दारात एक बाई आल्या. दुकानदाराने त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "ताई, टाका, टाका," म्हणत हातात चेंडू कोंबला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चेंडू भिरकावला. तो थेट ड्रममध्ये जाऊन गरगरला.

टाळ्या पडल्या. चष्म्याशिवाय मला सगळी माणसं सारखीच दिसतात, पण बायको ती बायकोच. ती माझीच होती.

कंपनीच्या नोकरांच्या घरच्यांना बक्षीस नाही, ही अट मीच टाइप केलेली. आणि कपडे पिळून पिळून हिची मनगटं ठणकतात, हेही मलाच ठाऊक. 'पुढच्या वर्षी मशीन घेऊ' हे मी इतकी वर्षं म्हणतोय, की हल्ली ती त्यावर हसतसुद्धा नाही.

"साहेब, सही करा," दुकानदार म्हणाला. "या तुमच्या ओळखीच्या नाहीत ना?"

मी मन घट्ट केलं. "छे, यांना मी पहिल्यांदाच पाहतोय."

"पहिल्यांदाच?" बायको म्हणाली.

"हो ना, बाई," म्हणत मी तिला डोळा मारला. (तो दुकानदाराला लागला.)

बायकोने पिशवीतून माझा चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या नाकावर चढवला. "हा द्यायला आले होते. आता नीट बघा, काही आठवतंय का."

अख्खं दुकान हसलं. मशीन जागच्या जागी राहिलं. दुकानदार भला माणूस, त्याने कपडे धुण्याच्या पावडरीची एक पिशवी दिली.

"अगं, घरच्यांना बक्षीस नाही अशी अट आहे, म्हणून तुझ्यासाठीच खोटं बोललो," वाटेत मी म्हणालो.

"मला काय माहीत तुमची अट? मला वाटलं, चारचौघांत माझी लाज वाटते तुम्हाला."

मला फार वाईट वाटलं. विषय बदलावा म्हणून विचारलं, "पण एवढा नेम शिकलीस कुठे?"

"तुमचे मोजे. घरभर पडलेले असतात. वाकून कंटाळा आला, की दारातूनच बादलीत भिरकावते."

मी पावडरीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

घरी गेल्यावर तिने धुण्याचे दोन ढीग केले. एक मोठा, एक माझा.

"हे काय?"

"ओळखीच्या माणसांचे कपडे मी धुते," ती शांतपणे म्हणाली. "या दुसऱ्या गृहस्थांना मी पहिल्यांदाच पाहतेय."

पावडर चांगली आहे, फेस भरपूर येतो. मनगटं मात्र खरंच ठणकतात हो.