झिपरू मुंगसाचा वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारू नका, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ते नाही, एक मुंगूस राहत होता. त्याचं नाव झिपरू. हो, जंगलात वीज होती. इंटरनेटसुद्धा होतं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी उठून आईकडे जावं. बाकीच्यांनी मांडी घालून बसावं आणि एकमेकांना चिमटे काढू नयेत.

तर या जंगलात एक रीत होती. जे घ्यायचं ते वाढत्या अंगाचं घ्यायचं. तुमच्या आया गणवेश शिवतात ना, तसंच. आधी बाह्या बोटांवरून लोंबतात. मग एकदाचा तो अंगाला बसतो, तोवर कोपरावर विरलेला असतो. जंगलात सगळंच असं होतं. सुगरण घरटं विणायची तेव्हा वरच्या अंगाला काड्या मोकळ्या सोडायची, पुढे मजला चढवायला. सशाने बीळ खणलं की एक भोक जादा ठेवायचं. त्या भोकातून साप आत यायचा, पण भोक कोणी बुजवत नसे.

"हे कशाला?" असं विचारलं की सगळे एकच सांगायचे.

"असू दे. पुढे लागेल."

झिपरूला जगात एकच गोष्ट झकास यायची. गडफोड. हा कॉम्प्युटरवरचा खेळ. चौघांनी मिळून गड घ्यायचा. येसू साळिंदर ही कप्तान. दोघे कावळेभाऊ भिंतीवरून मारा करायचे. आणि दार फोडून पहिला आत शिरायचा तो झिपरू. त्याच्यासारखा शिरणारा पंचक्रोशीत नव्हता. तो आत शिरला की येसू आनंदाने अशी किंचाळायची की ओढ्यापलीकडचा खराखुरा वाघ दचकून उठून बसायचा.

हे चौघं घोरपडीच्या दुकानात भाड्याच्या मशीनवर खेळायचे. पण एक दिवस घोरपडीने दुकान बंद केलं आणि तिथे मंगल कार्यालय काढलं. खेळणारे उधारी करतात, वऱ्हाडी जेवून पैसे देतात, असं तिचं म्हणणं. येसूने आणि कावळ्यांनी आपापली मशीनं जमवली. झिपरू तेवढा राहिला.

होळीला शेजारच्या जंगलाशी सामना होता. येसूने झिपरूला सरळ सांगितलं.

"होळीच्या आत मशीन आण. चौघं नसले तर आपलं नाव घेणार नाहीत. तुझी जागा तरसाला द्यावी लागेल."

"तरसाला?" झिपरू म्हणाला. "अगं, दार सताड उघडं असलं तरी तो भिंतीवर जाऊन आपटतो!"

"म्हणून तर म्हणते ना, आण!"

झिपरू तडक घराकडे पळत सुटला. हसू नका. त्या जागेशिवाय त्याच्याकडे होतं काय? बायको नाही, वाडी नाही, शेपूटसुद्धा बेताचंच. ती जागा गेली असती तर तो नुसता एक मुंगूस उरला असता. त्याने हिरडे वेचून भरलेलं पोतं, म्हणजे जंगलातले पैसेच, पाठीवर टाकलं आणि तो खंडूशेठ अस्वलाच्या दुकानात गेला.

खंडूशेठ सुटे भाग विकायचा. त्याने पोतं उचलून अंदाज घेतला.

"खेळायचं काय?"

"गडफोड."

"बरं. मग नीट ऐक." खंडूशेठने एकेक वस्तू फळीवर मांडली. "हा प्रोसेसर, म्हणजे मेंदू. मधला घे, पुरतो. हे ग्राफिक्स कार्ड. चित्रं हे काढतं. खेळायचं असेल तर खर्च इथे कर, बाकी ठिकाणी हात आखडता घे. हा मदरबोर्ड, यावर सगळं बसतं. रॅमची एक पट्टी आज लाव, शेजारची खाच मोकळी आहे, पुढे दुसरी लाव. पॉवर सप्लाय जरा बरा घे, कारण स्वस्तातला जळतो तेव्हा एकटा जळत नाही. आणि कॅबिनेट म्हणजे डबा. साधा पत्र्याचा. आत हवा खेळली म्हणजे झालं."

सगळं पोत्यात बसत होतं. वर मूठभर हिरडे उरत होते. झिपरूला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे कोलांटी मारली.

आता गोष्ट इथे संपली असती. झिपरू घरी गेला असता, खेळला असता, आणि मी चहा प्यायला मोकळा झालो असतो. पण तेवढ्यात दुकानाच्या दारात भागूजीमामा उभे राहिले.

भागूजीमामा म्हणजे गवा. झिपरूचे मानलेले मामा. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला एकदाच हात लावला होता, म्हणजे पाठ घासली होती.

"काय भाच्या, काय घेतोयस?"

"कॉम्प्युटर, मामा."

"एवढासा? आणि वाढला म्हणजे?"

"भागूजीराव," खंडूशेठ म्हणाला, "तो आपोआप वाढत नाही. वाढवावा लागतो."

"मग मी वेगळं काय म्हणतोय? वाढवायला जागा नको का? जरा चार जाणत्यांना विचार रे. असा पोरकटपणा करू नकोस."

चार जाणते वडावर बसलेले असायचे. माकडं. त्यांच्यापैकी एकाकडेही कॉम्प्युटर नव्हता. मत मात्र प्रत्येकाकडे होतं.

खालच्या फांदीवरचं म्हणालं, "हा बोर्ड? यात थोडी भर घातलीस तर याच्या वरचा येतो."

त्याच्या वरचं म्हणालं, "वरचा घेतोसच आहेस तर त्याच्याही वरचा का नको?"

"कार्ड काय, कधीही लावता येतं. बोर्ड एकदाच घ्यायचा."

"पॉवर सप्लाय असा घे की उभ्या जन्मात कमी पडला नाही पाहिजे."

"डब्यात कंजुषी करू नकोस बाबा. लोक काय, डबाच बघतात."

वर बघून बघून झिपरूची मान आखडली. आणि गंमत सांगू का? त्यातलं एकेक वाक्य वेगळं काढलं तर खरंच होतं. खोटं असतं तर झिपरू फसला नसता, तो काही अगदीच बावळट नव्हता.

तो दुकानात परतला आणि त्याने सगळी मांडामांड बदलली. बोर्ड घेतला तो सगळ्यात जास्त खाचांचा. पॉवर सप्लाय घेतला तो घोरपडीच्या कार्यालयातलं अख्खं लग्न उजळून निघेल असा. कॅबिनेट घेतलं काचेच्या भिंतीचं, आत रंगीत दिवे. प्रोसेसर मात्र सगळ्यात चिमुकला, सध्यापुरता. रॅमची एक पट्टी. तेवढ्यात पोत्याचा तळ लागला.

"झिपरू," खंडूशेठ म्हणाला, "कार्ड राहिलं."

"ते पुढे घेऊ."

"आणि खेळणार कसा?"

"अहो, खेळायला जन्म पडलाय!" मामा म्हणाले आणि कॅबिनेट पाठीवर घेऊन चालायलाही लागले.

खंडूशेठने खांदे उडवले. तो गिऱ्हाइकाला एकदा सांगायचा. दोनदा सांगायला लागलो तर मला मास्तर म्हणतील, अशी त्याला भीती होती.

घरी मशीनची पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. अर्धं जंगल काचेला नाक लावून आत बघत होतं.

"अगं बाई, केवढी ही जागा!" रानडुकरीण म्हणाली. "आमची सगळी पिल्लं झोपतील की यात."

गर्दी पांगल्यावर येसू आली. तिला हारबीर काही दिसलं नाही. "चालू कर," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

झिपरूने गडफोड लावला. गड दिसला. झिपरूने पळायचं बटण दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावरच्या झिपरूचा एक पाय उचलला गेला. तो तसाच हवेत राहिला. दुसरा पाय उचलेपर्यंत कावळ्यांनी भिंत घेतली, गमावली, पुन्हा घेतली आणि ते जेवायला निघून गेले.

"कार्ड कुठाय?" येसूने विचारलं.

"पुढे लावणार आहे. ही बघ जागा. इथे दोन कार्डं बसतात!"

"दोन बसतात. एक तरी आहे का?"

झिपरूने काचेवरचा हार सरळ केला.

"झिपऱ्या, मला तू हवा होतास रे," येसू म्हणाली. "हे कपाट नको होतं." आणि ती रडायला लागली. साळिंदराला जवळ घेऊन समजूत घालणं सोपं नसतं, म्हणून झिपरू नुसता समोर बसून राहिला. त्यालाही रडू येत होतं.

शेवटी तिनेच डोळे पुसले. "हे सगळं परत दे. खंडूशेठ घेईल. साधा डबा, साधा बोर्ड आणि कार्ड. होळीला अजून अवकाश आहे."

"उद्याच जातो," झिपरू म्हणाला. आणि मुलांनो, तो अगदी मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पेचकस घेतला आणि पहिला स्क्रू ढिला केला. तेवढ्यात भागूजीमामा सरपंचांना घेऊन आले. सरपंच म्हणजे हत्ती.

"झिपरूभाऊ, तुमचा सत्कार ठरलाय," सरपंच म्हणाले.

"माझा? कशाबद्दल?"

"दूरदृष्टीबद्दल. आजवर जंगलात कोणी इतकं पुढचं घेतलं नव्हतं."

झिपरूचा आजवर कोणी सत्कार केला नव्हता. दार फोडण्याबद्दल तर नाहीच नाही. त्याने तो स्क्रू हळूच पुन्हा आवळला.

शाल झाली, श्रीफळ झालं, तीन भाषणं झाली. आता शाल पांघरून कॅबिनेट परत द्यायला कसं जाणार? लोक काय म्हणतील? झिपरूने येसूला निरोप पाठवला, "पुढच्या होळीला नक्की." येसूने उलटा निरोप पाठवला नाही. ती तरसाकडे गेली.

होळीला तरस दाराशेजारच्या भिंतीवर आपटला आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. पण येसू सगळ्यांना सांगत राहिली, "तरस तात्पुरता आहे. जागा झिपरूची."

हे झिपरूच्या कानावर गेलं. त्याने वर्षभर राब राब राबून हिरडे वेचले. लोक त्याच्या बिळाशी काचेतली जागा बघायला यायचे आणि तो बिचारा रानात वाकलेला असायचा. पोतं भरल्यावर तो धावतच खंडूशेठकडे गेला.

"शेठ, आता कार्ड द्या. आणि मोठा प्रोसेसर. आणि रॅमच्या पट्ट्या, सगळ्या खाचा भरून!"

खंडूशेठने डोकं खाजवलं. "नव्या प्रोसेसरच्या पिना बदलल्या. तुझ्या बोर्डात तो बसत नाही. नव्या रॅमची खाच बदलली, तीही बसत नाही. कार्ड बसेल, पण तुझा तो चिमुकला मेंदू त्याला पुरा पडायचा नाही."

"मग माझ्या एवढ्या जागेचं काय?"

"जागा उत्तम आहे. तीत बसणारं आता कोणी बनवत नाही."

झिपरू पोतं पुन्हा पाठीवर घ्यायला लागला. खंडूशेठला त्याची दया आली आणि त्याने जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. "हे बघ, साधा बोर्ड घे, मधला मेंदू घे, कार्ड घे. तुझ्या पोत्यात बसतंय. आज लावलंस तर होळीला दार फोडशील."

झिपरूने पंजा पुढे केला. कार्ड त्याच्या पंजात आलंसुद्धा होतं.

बाहेर गलका झाला. मामा, सरपंच, वडावरची सगळी माकडं. हातात हार.

"झिपरूभाऊ! यंदाच्या होळीच्या सामन्याचे प्रमुख पाहुणे तुम्ही! आणि नवा बोर्ड घेताय म्हणे? यंदाचा सगळ्यात मोठा ना?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. झिपरूने हातातल्या कार्डाकडे बघितलं, मग हाराकडे बघितलं. कार्ड त्याने अलगद फळीवर ठेवलं.

"अर्थात," तो म्हणाला. "सगळ्यात मोठा."

होळीला झिपरू व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसला. त्याने भाषण केलं. विषय होता, खेळाकडे कसं बघावं. टाळ्या पडल्या. मग सामना सुरू झाला. खाली येसू, दोघे कावळे आणि तरस आपापल्या साध्या पत्र्याच्या डब्यांपुढे बसले होते. समोर मोठ्या पडद्यावर गड दिसत होता.

झिपरू पडद्याकडे बघत होता. शालीखाली त्याचा पंजा खुर्चीच्या हातावर भराभर चालत होता. डावीकडे. खाली वाक. आता पळ. आता घुस, घुस ना रे!

"काही म्हणालात का?" शेजारून सरपंचांनी विचारलं.

"छे," झिपरू म्हणाला, "काही नाही." आणि त्याने दोन्ही पंजे मांडीखाली दाबून धरले.

तात्पर्य (वहीत उतरवून घ्या, परीक्षेला येतं): आज चालेल एवढंच घेऊन आज खेळणाऱ्याला फक्त खेळायला मिळतं. म्हणून शहाण्या मुलांनी सगळी खरेदी पुढच्यासाठी करावी आणि काहीही चालू करू नये. खुर्ची मात्र लगेच घ्यावी, तिला कार्ड लागत नाही.